फुटल्यावरच पटणारी ओळख

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत. नोट खरी की खोटी हे कुणी तराजूत घालून ठरवत नाही, कारण तेवढ्याच आकाराचा आणि तेवढ्याच वजनाचा कोरा कागद कापून घेणे अवघड नसते. नोट उजेडात धरायची, जलचिन्ह पाहायचे, धागा पाहायचा, बोटाला उठावाची छपाई लागते का ते तपासायचे, आणि या साऱ्या खुणा एकाच वेळी जुळल्या तरच नोट खरी मानायची. याच नाशिक रोडच्या आसपास, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात पिकणारी द्राक्षे परदेशी निघतात तेव्हा त्यांच्याबाबत असाच प्रश्न उभा राहतो, फक्त तो डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या रेणूंबद्दल असतो. या मण्यांत अमुक औषधाचा अंश आहे का, आणि असेल तर तो तोच आहे हे कशावरून? या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर रेणूचे वजन करून मिळत नाही. रेणूला एखाद्या अणूवर आपटून फोडावे लागते, आणि तो कसा फुटतो हे पाहावे लागते. फुटणे ही इथे नासाडी नाही. ती ओळख पटवण्याची रीत आहे, आणि तिच्यामागे शंभर वर्षांहून जुने भौतिकशास्त्र उभे आहे.

2010 च्या हंगामाची आठवण द्राक्षपट्ट्यात अजून ताजी आहे. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. बागायतदार या औषधाला ‘सीसीसी’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची शेंडेवाढ आवरावी, काडीत जोम राहावा आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरले जाई. तेव्हाची युरोपीय मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. बागेच्या भाषेत सांगायचे तर वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. हे औषध शोधायला कठीण, कारण त्याचा रेणू मुळातच धनप्रभारित आहे. तो सहज वाफ होत नाही, पाण्यात चटकन विरघळतो, आणि बहुतेक कीडनाशके एकाच वेळी बाहेर काढणाऱ्या सेंद्रिय द्रावकात तो उतरत नाही. म्हणजे शंभर औषधांची एकत्र तपासणी करणाऱ्या नेहमीच्या पद्धतीच्या हातून तो निसटू शकतो. त्याच्यासाठी वेगळी तपासणी लावावी लागते. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत ज्या यंत्रावर हा निवाडा होतो, त्या यंत्राच्या पोटात एक छोटीशी नळी असते. तिच्यात आरगॉन किंवा नायट्रोजन वायू अगदी विरळ भरलेला असतो. सगळा न्याय त्या नळीत होतो.

आधी वजनाचा प्रश्न. मास स्पेक्ट्रोमीटर हे प्रभारित रेणूंचे, म्हणजे आयनांचे, वजन सांगणारे यंत्र. क्लोरमेक्वाट आयनाचे वजन 122 एकके भरते. पण 122 भरणारा तो एकटा नाही. सिस्टीन हे अमिनो आम्ल वनस्पतींत असतेच. त्याला एक प्रोटॉन चिकटला की त्याचेही वजन 122 होते. म्हणजे साध्या तराजूवर निसर्गाने दिलेला पदार्थ आणि फवारलेले औषध एकाच खुंटीवर टांगलेले दिसतात. आता दोघांना आरगॉनवर आपटू. सिस्टीन पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून 46 एकके टाकते आणि 76 वर येते. क्लोरमेक्वाट मात्र 58 आणि 63 हे तुकडे देतो. एकाच वजनाचे दोन रेणू, पण फुटण्याच्या वाटा वेगळ्या, कारण त्यांच्या आतली बांधणी वेगळी. वजन ही बेरीज असते. बेरजेवरून कोणत्या संख्या मिळवल्या होत्या ते कळत नाही. तुकडे हाती आले की त्या संख्या दिसू लागतात.

पण रेणू फुटतो म्हणजे नेमके काय होते? त्यासाठी आधी सर्वांत साधा रेणू-आयन घेऊ: हायड्रोजनचा. दोन प्रोटॉन आणि त्यांना बांधून ठेवणारा एकुलता एक इलेक्ट्रॉन. हा बंध तोडायला 2.65 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला अणू-रेणूंच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढी असते, म्हणून एरवी हा आयन आपोआप तुटत नाही. त्याला वेग देऊन हेलियमच्या अणूवर सोडले तर तो दोन वाटांनी तुटू शकतो. टक्कर संथ असेल तर धक्का प्रोटॉनांना बसतो. ते स्प्रिंगला बांधल्यासारखे थरथरू लागतात आणि थरथर फार वाढली की बंध सुटतो. टक्कर अतिवेगवान असेल तर प्रोटॉनांना हलायला सवडच मिळत नाही, कारण एकेक प्रोटॉन इलेक्ट्रॉनापेक्षा 1836 पट जड असतो. हलका इलेक्ट्रॉन मात्र क्षणात वरच्या अवस्थेत उडी मारतो, आणि त्या अवस्थेत तो दोघांना धरून ठेवण्याऐवजी दूर लोटतो. मग दोन तुकडे एकमेकांना झिडकारून पळतात, एक प्रोटॉन आणि एक हायड्रोजनचा अणू. पहिल्या वाटेत बंध ताणून तुटतो, दुसऱ्या वाटेत बांधणारी दोरीच नाहीशी होते. कोणती वाट घडली हे ओळखता येते, कारण तुकडे सुटताना जी ऊर्जा बाहेर पडते ती दोन्ही वाटांत वेगवेगळी असते.

इथे निसर्गाने अभ्यासकाला एक फार मोठी सवलत देऊन ठेवली आहे. समजा हायड्रोजन आयनांचा झोत 10,000 इलेक्ट्रॉन व्होल्टने धावतो आहे आणि फुटताना तुकड्यांमध्ये फक्त 1 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटली. वरकरणी वाटेल की दहा हजारांत एकाचा फरक कुठे दिसणार? पण ऊर्जा वेगाच्या वर्गाशी बांधलेली असते. आधीच जोरात पळणाऱ्या तुकड्याला मागून किंवा पुढून किंचित ढकलले तरी त्याच्या ऊर्जेत मोठा फरक पडतो. हिशेब मांडला तर पुढे उडालेला तुकडा जवळपास 5,100 इलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि मागे ढकललेला 4,900 चा निघतो. एका इलेक्ट्रॉन व्होल्टची कुजबुज दोनशेंच्या अंतरात मोठ्याने ऐकू येते. म्हणून धावत्या आयनाची फूट हा रेणूच्या आतल्या बंधांचे मोजमाप घेण्याचा इतका सूक्ष्म मार्ग ठरला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणू-आयनांच्या अशा टकरींवर दीर्घकाळ काम केले. एकाहून अधिक धनप्रभार वाहणाऱ्या रेणूंवरचा माथूर यांचा विस्तृत आढावा 1993 साली प्रसिद्ध झाला. दोन धनप्रभार असलेला रेणू तर आतूनच स्वतःला ढकलत असतो. तो टिकला तर का टिकतो आणि फुटला तर किती जोराने फुटतो, हे समजून घेणे म्हणजे रासायनिक बंध या कल्पनेची कडेलोटाशी परीक्षा घेणे आहे.

आता पुन्हा द्राक्षाकडे येऊ आणि क्लोरमेक्वाटचा एकच आयन जवळून पाहू. त्याच्या मध्यभागी नायट्रोजन आहे. त्याला तीन मिथाइल गट आणि टोकाला क्लोरीन असलेली दोन कार्बनांची शेपटी जोडलेली आहे. समजा यंत्राने त्याला 20 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिली. त्याचा वेग होतो सेकंदाला साडेपाच किलोमीटरहून थोडा अधिक. या वेगाने नाशिक रोड स्टेशनहून शहरातल्या सीबीएस बसस्थानकाला पोहोचायला दीड-पावणेदोन सेकंद पुरतील. वाटेत आरगॉनचा अणू आडवा येतो. टक्कर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात आटोपते. पण 20 च्या 20 इलेक्ट्रॉन व्होल्ट काही फोडण्याच्या कामी येत नाहीत. टकरीनंतरही आयन आणि अणू या जोडीला मिळून पुढे सरकत राहावे लागते, कारण संवेगाची बेरीज बदलत नाही, आणि त्या सरकण्यात बरीच ऊर्जा अडकून पडते. आरगॉनचे वजन 40, आयनाचे 122. दोघांची बेरीज 162. कामी येऊ शकणारा वाटा 162 पैकी 40 भाग, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे 4.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट. नेहमीचा एकेरी बंध तोडायला तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे एका दणक्यात काम होऊ शकते. आरगॉनच्या जागी हेलियम ठेवला तर वाटा 126 पैकी फक्त 4, म्हणजे अवघा 0.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. एका टकरीत काहीच फुटणार नाही. हेलियम वापरणाऱ्या सापळ्यांत म्हणूनच आयनाला कोंडून शेकडो हलक्या टकरी देतात. जुन्या नाशकातला तांबट घणाचा एक घाव न घालता हातोडीच्या बारीक ठोक्यांनी पत्रा वाकवतो, तसा हा प्रकार आहे.

मिळालेली ऊर्जा रेणूच्या एकाच बंधात बसून राहत नाही. ती साऱ्या बंधांत पसरते, आणि जिथे सुटणे सर्वांत सोपे तिथे रेणू सुटतो. द्राक्षाचा घड हलवला की देठाशी सैल झालेला मणी आधी गळतो, तसेच हे. क्लोरमेक्वाटमध्ये एक वाट सरळ आहे: नायट्रोजन आणि शेपटी यांमधला बंध तुटतो, क्लोरीनवाली शेपटी धनप्रभार घेऊन 63 वर येते, आणि 59 वजनाचा ट्रायमिथाइल अमीन, म्हणजे शिळ्या मासळीच्या वासाचा पदार्थ, प्रभार न घेता निघून जातो. दुसरी वाट वळणाची आहे. जाता जाता एका मिथाइल गटातला हायड्रोजन शेपटीकडे सरकतो, क्लोरोइथेन हा 64 वजनाचा उदासीन रेणू बाहेर पडतो आणि मागे 58 उरतो. हे तर्काने रचलेले चित्र नाही, त्याला पुरावा आहे. निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा असतो, 35 आणि 37, साधारण तीनास एक या प्रमाणात. जड क्लोरीनचा क्लोरमेक्वाट 124 भरतो. त्याला फोडले तर 63 चा तुकडा 65 वर सरकतो, पण 58 जागचा हलत नाही. म्हणजे 63 मध्ये क्लोरीन आहे आणि 58 मध्ये नाही. प्रयोगशाळेत शेपटीवरच्या चार हायड्रोजनांच्या जागी जड हायड्रोजन बसवलेला क्लोरमेक्वाट वापरतात. तो 126 भरतो, आणि त्याचाही तुकडा 58 च येतो. याचा अर्थ 58 मध्ये शेपटीचा काहीही भाग नाही. तुकडे इतके स्पष्ट बोलतात.

पहिला आक्षेप इथेच येतो. टक्कर हा तर योगायोग आहे. आरगॉनचा अणू कधी मध्यभागी लागेल, कधी कडेला घासून जाईल. काही आयन फुटतील, काही तसेच निघून जातील. योगायोगावर निवाडा कसा उभा राहील? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. एखादा एकटा आयन 58 देईल की 63, हे सांगता येत नाही. पण यंत्र एकट्या आयनाला विचारतच नाही. पाच ग्रॅमच्या एका मण्यात अगदी मर्यादेएवढे औषध असेल तरी त्यात सुमारे नऊ कोटी कोटी रेणू असतात. त्यातले फार थोडे यंत्रापर्यंत पोहोचले तरी उरलेली गर्दी प्रचंड असते, आणि गर्दीत योगायोगाचे प्रमाण ठरून जाते. वायूचा दाब, आयनाची ऊर्जा आणि नळीची लांबी तीच ठेवली तर 58 आणि 63 यांचे गुणोत्तर आजही तेच येते आणि पुढच्या महिन्यातही तेच. युरोपीय मार्गदर्शनानुसार आज नुसते दोन तुकडे दिसून भागत नाही; त्यांचे गुणोत्तर शुद्ध पदार्थाच्या गुणोत्तराशी 30 टक्क्यांच्या आत जुळावे लागते, आणि फोडण्याआधी मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या स्तंभातून तो बाहेर येण्याची वेळही मिनिटाच्या दहाव्या भागाच्या आत जुळावी लागते. योगायोग नाकारलेला नाही, त्याला मोजमापात बांधले आहे.

दुसरा आक्षेप अधिक जाणकाराचा आहे. आजची यंत्रे वजन दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सांगतात. क्लोरमेक्वाट 122.073 आणि सिस्टीन 122.027; दोघे वेगळे दिसतात. मग फोडायचे कशाला? कारण अचूक वजन फार तर अणूंची यादी सांगते, त्यांची मांडणी सांगत नाही. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन अमिनो आम्लांचे रेणुसूत्र एकच आहे, म्हणून कितीही स्थळांपर्यंत मोजले तरी वजन एकच येते. दोघांना फोडले तर दोघेही 86 चा तुकडा देतात. पण पुढे आयसोल्युसिन 69 चा तुकडा ठळकपणे देतो. फरक आहे, पण तो बारीक आहे हेही मान्य केले पाहिजे. काही जोड्यांत तो याहून बारीक असतो, आणि तिथे नुसत्या फुटीवर विसंबता येत नाही. स्तंभातली वेळ, शुद्ध नमुना आणि कधी वेगळी पद्धतही जोडावी लागते. फुटणे ही सर्वज्ञ रीत नाही. पण वजनाच्या पलीकडे रेणूच्या आत शिरणारी ती सर्वांत सोयीची वाट आहे.

फुटीचे हे महत्त्व ओळखायला विज्ञानालाही वेळ लागला. जे. जे. थॉमसन यांनी 1913 च्या सुमारास निऑनची 20 आणि 22 ही दोन वजने पाहिली, आणि पुढे ॲस्टन यांनी हे तंत्र नेमके केले. पण त्यांच्या फोटोप्लेटांवर काही पुसट पट्टेही उमटत. ते वाटेतच फुटलेल्या आयनांचे होते. तेव्हा ती अडचण वाटत होती, आणि पोकळी आणखी चांगली करून ती टाळावी असा कल होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जेनिंग्ज आणि मॅक्लॅफर्टी यांनी मुद्दाम वायू सोडून आयन फोडायला सुरुवात केली, आणि 1978 साली योस्ट व एन्की यांनी मिशिगनमध्ये तीन क्वाड्रूपोल, म्हणजे आयनांना वाट देणाऱ्या चार दांड्यांच्या रचना, एका ओळीत ठेवले: पहिला वजनाने निवडतो, मधला फोडतो, तिसरा तुकडे निवडतो. द्राक्षाच्या प्रयोगशाळांतली यंत्रे या रचनेचीच वंशज आहेत. याच सुमारास, 1977 पासून, पुरातत्त्वालाही फुटीचा असाच उपयोग झाला. कार्बन-14 चे वजन 14, पण साध्या कार्बनला दोन हायड्रोजन चिकटले तरी वजन 14 च होते, आणि असे रेणू खऱ्या कार्बन-14 पेक्षा कितीतरी जास्त असतात. मोठ्या त्वरकात या आयनांना वायूतून किंवा पातळ पापुद्र्यातून पाठवून त्यांचे अनेक इलेक्ट्रॉन काढून टाकले की तोतया रेणू फुटून जातात आणि अणू तेवढा शाबूत राहतो. तिथे तुकडे वाचायचे नसतात. फुटला तो रेणू आणि टिकला तो अणू, एवढाच निवाडा. तरी तत्त्व एकच: वजनाने एकसारख्या दिसणाऱ्यांना टक्कर वेगळे करते.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. यंत्र जितके तीक्ष्ण होते तितकी मर्यादा खाली येते; काल जे दिसत नव्हते ते आज दिसते, आणि दिसले म्हणून माल परत येतो. वीस टनांत एक ग्रॅम एवढ्या अंशाने खरेच कुणाचे नुकसान होते का? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर टकरीच्या नळीत नाही. अवशेषाची कमाल मर्यादा ही विषाची सीमारेषा नसते. औषध योग्य रीतीने वापरले तर किती अंश उरेल, यावर ती मुख्यतः बेतलेली असते, आणि ज्या पिकासाठी ते मान्य नाही तिथे युरोप बहुतेक वेळा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लावतो. मर्यादा किती असावी हा धोरणाचा आणि वाटाघाटीचा विषय आहे, आणि त्यावर भांडायला हवे. पण भांडणाचा पाया पक्का हवा असेल तर आधी जे सापडले ते नेमके तेच आहे याची खात्री हवी. चुकीच्या ओळखीमुळे माल नाकारला गेला तर तोटा बागायतदाराचाच होतो. आणि बरोबर ओळख वेळेवर झाली तर पुढच्या छाटणीला कोणते औषध टाळायचे हे त्यालाच कळते. क्लोरमेक्वाटसारखे रसायन झाडाच्या लाकडात साठून राहू शकते. नासपतीच्या बागांत फवारणी थांबवल्यानंतरच्या हंगामांतही ते फळांत उतरलेले आढळले आहे. अशा ठिकाणी अंदाजाने चालत नाही.

म्हणून द्राक्षाच्या तपासणीचा अहवाल हाती आला की बागायतदाराने केवळ शेवटचा आकडा पाहून थांबू नये. दोन तुकडे जुळले का, त्यांचे गुणोत्तर जुळले का, जड हायड्रोजनचा संदर्भ नमुना वापरला होता का, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या प्रयोगशाळेजवळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असतात. नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांत संवेग आणि ऊर्जा शिकवताना गोट्यांच्या टकरीबरोबर ही टक्करही फळ्यावर यायला हवी: 122 चा आयन, 40 चा आरगॉन, आणि हिशेबाने हाती येणारे 4.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट. घरच्या बागेतल्या मण्याचा निवाडा या एका गुणाकारावर उभा आहे, हे ज्या मुलाला कळेल त्याला भौतिकशास्त्र परके वाटणार नाही.